दोन मीटरमध्ये पूर्ण कुर्ता कसा बसवायचा?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. शिवणक्लास संपवून तुम्ही घरी कुर्ते शिवायला घेतले. 38 छाती, 42 इंच उंची आणि पाऊण बाही असा कुर्ता क्लासच्या पद्धतीने बेतला की तुम्हाला पावणेतीन मीटर कापड लागतं. गिऱ्हाईक मात्र दोन-सव्वादोन मीटरचा पीस घेऊन येतं आणि वर ऐकवतं, ‘बर्डीवरचा टेलर त यातच बसवून देते, तुम्हालेच काऊन पुरत नाही?’ (बर्डी म्हणजे आपल्या नागपूरची सीताबर्डी.) तो कसा बसवतो, त्यात काही लबाडी असते का, आणि तुम्ही फर्मे, म्हणजे कागदाचे-पुठ्ठ्याचे नमुने, करून ठेवावेत का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तुमचं माप बरोबर आहे. तुमच्या मांडणीत 107 इंच लांबी जाते, म्हणजे जवळपास पावणेतीन मीटरच. गडबड मापात नाही, घडीत आहे. क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगतात की काठाला काठ जुळवा आणि कापड मधोमध दुमडा. शिकवायला ती घडी सोपी आहे. सगळ्यांच्या टेबलावर सारखं दिसतं, घडीवर गळा काढता येतो, कोणी चुकत नाही. पण पुढे आयुष्यभर आपण प्रत्येक कापड तसंच दुमडत राहतो, आणि अर्धा मीटर तिथेच जातो.

हिशोब करून बघा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंच, दोन्हीकडचे काठ सोडले तर वापरायला 43. मधोमध घडी घातली की साडेएकवीस इंच रुंदीचे दोन पदर मिळाले. कुर्त्याचा पुढचा भाग खालच्या घेराशी घडीवर 12 इंच लागतो, माया (शिवणीच्या आत सोडतो ते जास्तीचं कापड) धरून. मागचाही तेवढाच. उंची 42 आणि खालची दुमड व शिवण यांचे दोन इंच, असे एका भागाला 44. दोन्ही एकाखाली एक ठेवले की 44 अधिक 44, म्हणजे 88 इंच लांबी गेली. आता बाजूला काय उरलं? साडेनऊ इंचांच्या दोन पट्ट्या, वरच्या पदरात एक आणि खालच्या पदरात एक. बाहीला दंडाशी 17 इंच रुंदी हवी. साडेनऊमध्ये ती बसणार नाही. म्हणून तुम्ही खाली बाहीच्या लांबीचे आणखी 19 इंच घेता आणि त्या दोन लांबलचक पट्ट्या कातरणीच्या पिशवीत जातात.

आता तेच कापड वेगळं दुमडा. मधोमध नाही, फक्त 12 इंच आत. म्हणजे एका बाजूचा काठ उचलून पलीकडच्या काठापर्यंत न नेता मध्येच ठेवायचा. घडीचा भाग दुहेरी, 12 इंच रुंद, आणि बाकीचं 19 इंच कापड एकेरी, सलग. दुहेरी भागात पुढचा आणि मागचा भाग तसेच एकाखाली एक. एकेरी पट्ट्यात 17 इंचाची बाही आरामात बसते, दोन्ही बाह्या एकाखाली एक ठेवल्या तर 38 इंच लांबी जाते. पाऊण बाहीच काय, पूर्ण बाहीसुद्धा बसते. वर 19 रुंद आणि 50 इंच लांब असा सलग तुकडा हातात राहतो. त्यात गळ्याची पट्टी, खिसा, पायपिंग सगळं निघतं. एकूण कापड 88 इंच, म्हणजे सव्वादोन मीटर. फर्मा तोच, माप तेच, फक्त काठ उचलून कुठे ठेवला एवढाच फरक.

ही घडी घालताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, घडी काठाला समांतर हवी. मधोमध घडीत काठाला काठ जुळला की ती आपोआप सरळ येते, इथे तसं होत नाही. टेप घेऊन वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी घडीपासून दुमडलेल्या काठापर्यंत मोजा. तिन्ही ठिकाणी 12 भरले पाहिजेत. वर 12 आणि खाली साडेबारा आले तर उभा धागा तिरका झाला, आणि कुर्ता अंगावर एका बाजूला ओढल्यासारखा लोंबेल. दुसरी गोष्ट बाहीची. दुहेरी कापडावर बाही कापताना उजवी-डावी आपोआप निघते. एकेरीवर एक बाही कापून फर्मा तसाच खाली सरकवला की दोन्ही बाह्या उजव्या निघतात. बाहीची पुढची खोलगट बाजू आणि मागची फुगीर बाजू वेगळी असते, त्यामुळे ती चूक शिवताना कळते, तोवर कापड संपलेलं असतं. दुसऱ्या बाहीला फर्मा पालथा घालायचा. मी मुलींना फर्म्याच्या एका तोंडावर ‘उजवी’ आणि दुसऱ्यावर ‘डावी’ असं स्केचपेनने मोठं लिहायला लावते.

छाती मोठी असेल तर हा हिशोब ताणला जातो. 42 छातीला घडीवर साडेतेरा लागतात, दुहेरीत 27 गेले, एकेरी पट्टा 16 चा राहिला. बाही साडेसतरा-अठरा. सरळ बघितलं तर बसत नाही. इथे बाहीचा दंडाचा रुंद भाग कुर्त्याच्या मुंढ्यासमोर (बाही जोडतो त्या गोलाईसमोर) आणायचा. मुंढा आत खोल गेलेला असतो, तिथे कुर्त्याचा तुकडा तीनेक इंच अरुंद असतो. खालच्या पदरातलं ते मोकळं कापड बाहीला मिळतं, आणि मनगटाकडे बाही निमुळती होत जाते तिथे कुर्त्याचा घेर रुंदावत जातो. दोन बाह्या आणि दोन मुंढे, त्यामुळे पुढच्या भागाच्या मुंढ्यासमोर एक आणि मागच्यासमोर एक. कागद ठेवून आधी खात्री करा, मग पुढचा-मागचा भाग कापून घ्या, उरलेलं उलगडा आणि मग बाहीवर खडू फिरवा. वरचा पदर असताना बाही कापायला जाऊ नका, गोंधळ होतो.

फुगीर कडेला दुसऱ्याची खोलगट कड आणि रुंद टोकाला दुसऱ्याचं निमुळतं टोक, हे मांडणीचं मूळ सूत्र आहे. मोठे तुकडे आधी, लहान नंतर. एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. माहीत नसते ती घडीची मोकळीक. एकाच कापडात वरचा अर्धा एका प्रकारे दुमडा, खालचा अर्धा दुसऱ्या प्रकारे, काही बिघडत नाही. 34 छातीची, बारीक अंगाची मुलगी असेल तर दोन्ही काठ मधोमध आणून दोन घड्या घाला, एका घडीवर पुढचा भाग, दुसऱ्या घडीवर मागचा भाग उलट्या दिशेने. प्रत्येकी 10-11 इंच लागतात आणि साडेएकवीसमध्ये दोन्ही शेजारी बसतात. तिचा कुर्ता 44 अधिक बाहीचे 19, म्हणजे पावणेदोन मीटरच्याही आत होतो. पन्हा 58 असेल तर 38 छातीलाही हेच करता येतं, तिथे उलटं ठेवायचीही गरज नाही.

आता बर्डीवरच्या टेलरकडे येऊ. सव्वादोन मीटरचं गणित सुटलं. दोन मीटरचं काय? दोन मीटर म्हणजे 78.7 इंच. काहीही युक्ती न करता त्यात दोन तुकडे एकाखाली एक ठेवले तर कुर्त्याची तयार उंची 37 इंचांच्या थोडी वर येते. ती 42 पर्यंत नेण्यासाठी चांगला मास्तर दोन ठिकाणी हात घालतो. खालची दीड इंचाची दुमड तो कापडातून घेत नाही. बाजूला उरलेल्या पट्ट्यातून आतली पट्टी काढून लावतो, तिथे अर्धा इंच शिवणीपुरता जातो. दोन्ही भागांचे मिळून दोन इंच वाचले. मग शर्टासारखा योक, म्हणजे खांद्यावरचा वेगळा जोडलेला तुकडा, टाकतो. मागून सहा इंच, पुढे खांद्यावरून दोन इंच उतरणारा. योकचा तुकडा एकेरी पट्ट्यात बाह्यांच्या खाली निघतो, त्याचं अस्तरही तिथेच. मागचा भाग सहा इंचांनी आणि पुढचा दोन इंचांनी आखूड झाला, शिवणीसाठी प्रत्येकी अर्धा इंच परत दिला. एकूण 79 इंच लागतात आणि आपल्याकडे 78.7 आहेत. म्हणजे उंचीत पाव इंचही कमी धरला तर पूर्ण कुर्ता बसला. अंगावर योक छान दिसतो, गिऱ्हाइकाला तो फॅशन वाटतो.

पण हे सिंथेटिक किंवा आधीच आटवलेल्या कापडाचं गणित झालं. सुती कापड पहिल्या धुण्यात लांबीला आटतं, मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर धरून चला. आपल्याकडे उन्हाळ्यात सुतीशिवाय अंगाला काही सोसवत नाही, त्यामुळे येणाऱ्या दहातले आठ पीस सुतीच असतात. ते आधी भिजवायचे असं तुम्ही शिकला असाल, आणि ते बरोबर आहे. भिजवून वाळवलं की दोन मीटरचे फार तर साडेशहात्तर इंच राहतात. योक आणि खालची पट्टी करूनही उंची साडेचाळीसच मिळते. गिऱ्हाइकाला ते पीस घेतानाच सांगा. न भिजवता 42 बसवून दिला तर पहिल्या धुण्यानंतर तोच कुर्ता वर चढतो, आणि बोल शिवणाऱ्याला लागतो, कापडाला नाही. सुती कुर्त्यासाठी सव्वादोनऐवजी 2.40 मीटर सांगायची सवय लावा, म्हणजे भिजल्यावर बरोबर बसतं.

पिसाची टोकंही बघा. दुकानदाराने आडव्या धाग्यावर फाडून दिलं असेल तर टोक सरळ असतं. कात्रीने घाईत कापलं असेल तर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोन-अडीच इंचांचा तिरकस निघतो. एक आडवा धागा ओढून पाहिला की कळतं. ते सरळ केल्यावर जे उरतं तेच खरं कापड.

लबाडी असते का? असते, आणि ती तीन जागी असते. पहिली मायेत. बाजूच्या शिवणीत आपण दीड इंच माया ठेवतो. ती पाऊण केली की घडीवर पाऊण इंच वाचला, म्हणजे पूर्ण पन्ह्यात दीड इंच. कपडा त्या दिवशी अगदी नीट बसतो. वर्षभराने बाई म्हणतात थोडा सैल करून द्या, आणि आत काही नसतं. बायकांच्या कपड्यात माया चोरून कापड वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा खिसा टाकू नका, पट्टीला जोड द्या.

दुसरी धाग्यात. फर्मा थोडा तिरका केला की मोकळ्या कोपऱ्यात बसतो, आणि मोह होतो. उभा धागा म्हणजे मागावर ताणून बसवलेला धागा. तो कमी ताणतो आणि कपड्याचं वजन पेलतो. आडवा थोडा देतो, आणि तिरक्यावर तर कापड रबरासारखं ओढलं जातं. कुर्त्याचा एक भाग उभ्यावर आणि दुसरा जरासा तिरका कापला की दोन-चार धुण्यांत शिवण पुढे सरकते. बाजूची शिवण पोटावर आलेला कुर्ता तुम्ही पाहिला असेल, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कॉलर, योक, पट्टी, खिसा हे लहान तुकडे आडवे कापले तर चालतात. साध्या पॉपलीनमध्ये गरज पडली तर बाह्याही, पण मग दोन्ही आडव्या. कुर्त्याचा मुख्य तुकडा मात्र धाग्यावरच.

तिसरी लबाडी कातरणीची. मास्तर सव्वादोनमध्ये बसवतो आणि अडीच मीटर मागतो. वरचा पाव मीटर दुकानात जमा होतो. तुम्ही असं करू नका. घरगुती धंदा तोंडावर चालतो. उरलेला तुकडा कुर्त्याबरोबर घडी करून पिशवीत घालून द्या. तीच बाई चार जणींना सांगते.

आता फक्त दोन मीटर आलेत आणि गिऱ्हाईक 42 उंची, साधा, बिनयोकाचाच हवा म्हणून अडून बसलं, तर नाही म्हणा. ऑर्डर घेताना पन्हा आणि लांबी टेपने त्यांच्यासमोर मोजा आणि वहीत लिहा. ‘दोन मीटर आहे काकू, पन्हा 44 चा. योक टाकून साडेचाळीस देते, नाहीतर साधा छत्तीस.’ एवढं बोलणं आधी झालं की नंतर वाद होत नाही.

खरं सांगायचं तर पीस घरी आल्यावर मांडणीचा अर्धाच फायदा होतो. कोणी अडीच मीटर आणलं आणि तुम्ही सव्वादोनमध्ये बसवलं, तर पाव मीटर कोणाच्याच कामाचा नाही. पैसे वाचतात ते कापड घेण्याआधी मांडणी केली तर. त्यासाठी मी चौथ्या हिश्शाचे कागद वापरते. आलेखाच्या कागदावर पाव इंच म्हणजे एक इंच धरायचा. 44 पन्हा 11 इंचांचा झाला, दोन मीटर वीस इंचांच्या आत आले. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, पट्ट्या अशा छोट्या कागदी कापण्या करायच्या आणि त्या जागेत सरकवत बसायच्या. घडीवरचा भाग असेल तर उलगडलेला पूर्ण तुकडाच कापा, अर्धा नको, नाहीतर फसगत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दहा मिनिटांत जे सुचतं ते खऱ्या कापडाभोवती गुडघ्यावर फिरून सुचत नाही. जमलेली मांडणी वहीत चिकटवा, बाजूला पन्हा, छाती, उंची आणि लागलेलं कापड लिहा. काही महिन्यांत अशी वही तयार होते की गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं तरी तुम्ही किती मीटर ते सांगू शकता.

ही वही घेऊन गांधीबागेत जा. तिथे आणि इतवारीत कटपीसच्या दुकानांत 2.20, 1.70, 1.40 असे अडनिडे तुकडे ताग्याच्या (अख्ख्या गुंडाळीच्या) दरापेक्षा स्वस्त मिळतात, कारण घेणाऱ्याला त्यातून काय होईल ते कळत नाही. तुम्हाला कळेल. 58 पन्ह्याचा 1.70 चा तुकडा म्हणजे 38 छातीचा पूर्ण कुर्ता, आणि बाह्यांच्या शेजारी बावीस-तेवीस इंच रुंद तुकडा वर. पन्हा लेबलावर वाचून समाधान मानू नका, टेप लावा. काठाला मशीनच्या सुयांची भोकं असतात, तेवढी पट्टी वापरात येत नाही. हातमागाचं कापड असेल तर तीन-चार जागी मोजा आणि सगळ्यांत कमी भरेल तो पन्हा धरा.

कोसा, म्हणजे टसर रेशीम, तर हमखास कमी-जास्त भरतो. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडचा करवती (करवतीच्या दात्यांसारख्या) काठाचा कोसा ब्लाउजला आला की मांडणीचे नियम काठ ठरवतो. करवती काठ बाहीच्या टोकाला हवा असतो आणि काठ तर उभ्या धाग्याच्या दिशेने धावतो. म्हणजे बाही आडवीच बसणार. ते चालतं, फक्त दोन्ही बाह्या आडव्या हव्यात, नाहीतर कोशाची चमक दोन हातांवर दोन तऱ्हेची दिसते. एक बाही या काठावर आणि दुसरी त्या काठावर काढायची सवय बऱ्याच जणींना असते. त्यात मधलं कापड अरुंद होतं आणि पाठ बसत नाही. दोन्ही बाह्या एकाच काठावर शेजारी शेजारी घ्या. 14 अधिक 14 म्हणजे 28, आणि 80 सेंटीमीटरच्या पिसाची लांबी साडेएकतीस असते. दुसरा काठ पूर्ण मोकळा राहतो, तो पाठीच्या खाली किंवा गळ्याला लावा.

छापील कापडावर फुलांची तोंडं एकाच दिशेला असतील तर तुकडा उलटा ठेवायची मुभा गेली. मखमलीलाही तेच, लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेने हवी. चौकडा असेल तर प्रत्येक मोठ्या तुकड्यामागे एक चौकट जास्त धरा. मोठी चौकट 38 छातीवर जुळवायची तर मी सव्वादोनचा आग्रह धरत नाही, सरळ अडीच सांगते. चौकडा जुळत नसलेला कुर्ता कितीही कमी कापडात झाला तरी कामाचा नाही.

कापड वाचवण्याची खरी मजा परकरात आहे. नवीन मुलींना मी मांडणी कुर्त्यावर शिकवतच नाही, परकरावर शिकवते. 36 पन्ह्याचं दोन मीटर पॉपलीन घ्या. लांबीत एकदा दुमडा, मग पन्ह्यात एकदा दुमडा. चार पदर झाले, 18 इंच रुंद आणि 39 इंच लांब. वरच्या टोकाला डाव्या कडेपासून 6 इंचांवर खूण करा. खालच्या टोकाला त्याच डाव्या कडेपासून 12 इंचांवर. दोन खुणा जोडणारी एकच तिरकी रेघ मारा आणि कापा. घड्यांच्या कडा कापून मोकळ्या केल्या की हातात आठ कळ्या येतात, प्रत्येक वर 6 आणि खाली 12. कातरण काहीच नाही, एक चिंधीही नाही. शिवणीत प्रत्येक कळीचा एक इंच गेला तरी वर 40 आणि खाली 88 इंचांचा घेर मिळतो. नेफ्याची (नाडी ओवायची) पट्टी वेगळी लावायची तर 20 सेंटीमीटर जास्त घ्या.

जोडताना एका कळीची तिरकी कड दुसरीच्या सरळ कडेला लावायची, सगळीकडे त्याच क्रमाने. दोन तिरक्या कडा एकमेकींना लावल्या की ती शिवण ताणते आणि घेर तिथे लोंबतो. चार पदर एकदम कापल्यामुळे अर्ध्या कळ्या आरशातल्यासारख्या उलट्या निघतात, पण पॉपलीनला उलट-सुलट सारखंच असतं, त्या पालथ्या घातल्या की जमलं. तिरकी कड सरळ कडेपेक्षा साधारण अर्धा इंच लांब भरते, तेवढं टोक खाली छाटून घेर गोल करा. आणि एका पन्ह्यात कळ्यांची संख्या नेहमी सम ठेवा. तीन कळ्या बसवायला गेलात की वरची बेरीज आणि खालची बेरीज जुळत नाही आणि कोपऱ्यात त्रिकोण वाया जातो. जुना नेहरू शर्टही असाच असायचा, अंगाचा सलग पट्टा, आयताकृती बाह्या, बाजूच्या कळ्या आणि काखेतला चौकोनी तुकडा, म्हणजे बगल. गोल कात्री फक्त गळ्याला लागायची. कमी पन्ह्याच्या कापडातून निघालेली ती अक्कल आहे.

पायपिंगच्या उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेल्या, पट्ट्यांसाठी मोठ्या कापडाचा कोपरा तिरका कापू नका, पूर्ण तुकडा बाद होतो. उरलेल्या पट्ट्यातून 12 इंचांचा चौकोन काढा. चौकोनाचं क्षेत्रफळ भागिले पट्टीची रुंदी, एवढी लांबी त्यातून निघते. सव्वा इंची पट्टी शंभर इंचांच्या वर मिळते, कुर्त्याचा गळा आणि दोन्ही बाह्या होऊन उरते.

रेडिमेडच्या कारखान्यात या मांडणीला मार्कर म्हणतात. तिथे साधारण 80 ते 85 टक्के कापड कपड्यात गेलं की मार्कर चांगला समजतात. त्यांची मुख्य युक्ती एवढीच की ते एका मार्करमध्ये लहान आणि मोठा साइझ एकत्र बसवतात, मोठ्याच्या फटीत लहान. घरी ती वापरायची संधी शाळेच्या गणवेशात येते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा एकाच कापडाचे पाच-सहा फ्रॉक येतात. ते एक-एक कापू नका. सगळं कापड एकत्र अंथरा, दुसरीतल्या मुलीची बाही आठवीतल्या मुलीच्या घेराशेजारी जाईल. अंथरताना कूलर बंद करा, नाहीतर कागद खोलीभर उडतात. टाचण्यांपेक्षा वजनं ठेवा, जुने लोखंडी वॉशर किंवा वाटखारे चालतात. टाचणीने पातळ कापड वर उचललं जातं आणि रेघ हलते.

राहिला फर्म्यांचा प्रश्न. करा, पण सगळ्यांचे नको. बाही, मुंढ्याचे गोल, गळे आणि कॉलर यांचे पुठ्ठ्याचे फर्मे, 32 ते 42 पर्यंत दोन-दोनच्या फरकाने. अंगाच्या तुकड्यांचे ब्राउन पेपरचे, कारण उंची आणि घेर प्रत्येकीचा बदलतो आणि ते पुन्हा कापावे लागतात. अंगाचा फर्मा अर्धाच ठेवा, घडीची कड लाल रेघेने दाखवा. प्रत्येक फर्म्यावर उभ्या धाग्याची लांब रेघ टोकापासून टोकापर्यंत मारा, मध्येच छोटा बाण काढून भागत नाही, कारण काठापासूनचं अंतर दोन्ही टोकांना मोजावं लागतं. माया धरून कापला आहे की न धरता, तेही लिहा. दोन्ही प्रकारचे फर्मे एका घरात असले की कधीतरी घोटाळा होतोच, म्हणून एकच पद्धत ठरवा. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून साइझप्रमाणे खिळ्याला टांगा. पुठ्ठा घडी करून ठेवला की घडीवर दबतो आणि मुंढा पाव इंचाने बदलतो.

पुढचा कुर्ता बेतताना एक फोटो मांडणीचा काढा, कात्री लावायच्या आधी, आणि पन्हा व माप लिहून पाठवा. अडलं असेल तर कुठे ते फोटोत लगेच दिसतं.